वर्गणीपलीकडचा लोकसहभाग

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकसहभागातून जे उभे केले, ते थोडे नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शिक्षकांनी ग्रामस्थांपुढे झोळी पसरली. कोणी टीव्ही दिला, कोणी संगणक, कोणी पाण्याची टाकी. माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वाराची कमान बांधून दिली, यात्रेच्या वर्गणीतून उरलेली रक्कम शाळेच्या रंगकामाला गेली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या लहान पाड्यावरची शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर पोचली. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरमध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले आणि मुले रस्त्यात अंतर राखून उभी राहून शिकली. ज्या राज्यातले लोक शाळेसाठी एवढे करतात, तिथे शाळेविषयी आस्था नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

हे सारे गरजेचेही होते. छप्पर गळत असेल, स्वच्छतागृहाला दार नसेल, तर पालक मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतो. पट टिकवायचा तर शाळा आधी बघण्याजोगी हवी, हे शिक्षकांनी अनुभवातून ओळखले. मात्र लोकसहभाग म्हणजे वस्तू देणे, हाच अर्थ यातून रूढ झाला. गावाने शाळेला काय काय दिले, याची यादी शाळेच्या भिंतीवर नावानिशी रंगवलेली असते. गावातल्या तिसरी-चौथीच्या मुलांपैकी किती जण गोष्टीचे पुस्तक उघडून सलग वाचू शकतात, हे मात्र सरपंचाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्या मुलांच्या घरीही ठाऊक नसते. गावाने यापुढे शाळेला पैशाइतकाच वेळही द्यावा, आणि तो एका नेमक्या कामासाठी द्यावा, असे आम्हाला वाटते. तिसरी-चौथी संपेपर्यंत गावातले प्रत्येक मूल समजून वाचू लागेल, हे ते काम.

प्रश्न किती मोठा आहे, ते ‘असर’ या पाहणीवरून कळते. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून चालवलेल्या या पाहणीची रीत साधी आहे. स्वयंसेवक घरी जातो आणि मुलाच्या हातात एक कागद देतो. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल जिथवर वाचू शकते, ती त्याची पातळी. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. करोनानंतर, २०२२ मध्ये, ती १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेली. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना द्यायला हवे. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी राहिली आहे, हेही खरे. तरीही देशभरात तिसरीतल्या चार मुलांपैकी तिघांना आदल्या वर्षीच्या इयत्तेची गोष्ट वाचता येत नसेल, तर पुढचे सारे विषय त्यांच्यासाठी बंदच आहेत. गणितातले शाब्दिक उदाहरण वाचल्याशिवाय सोडवता येत नाही. परिसर अभ्यासाचा धडा वाचल्याशिवाय कळत नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, तेव्हा तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान येण्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली, ती याच कारणाने.

वाचन मुलांना का येत नाही, याचे उत्तर शिक्षकांच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण बहुतेक ठिकाणी ते चुकीचे ठरेल. बोलणे मूल ऐकून शिकते. वाचणे मात्र त्याला शिकवावे लागते आणि मग रोज करून घ्यावे लागते. मराठीत अक्षर ओळखले की काम संपत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पुढे जोडाक्षरे, हे सारे डोळ्यांना सहज होईपर्यंत मूल अडखळत राहते. एकेक अक्षर लावत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटाला पोचते, तेव्हा सुरुवात विसरलेले असते, म्हणून त्याला अर्थ लागत नाही. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे या एका प्रश्नाला दिली. मुळाक्षरांचा ठरलेला क्रम बाजूला ठेवून निवडक अक्षरे आणि मात्रा एकत्र शिकवल्या, तर मूल लवकर अर्थाचे शब्द वाचू लागते, हे त्यांच्या कामाने महाराष्ट्राला दाखवले. पद्धत कोणतीही असो, सरावाला पर्याय नाही. त्यातच आणखी एक फसवी गोष्ट आहे. मुलांना पाठ्यपुस्तकातला धडा ऐकून ऐकून पाठ होतो. बोट ओळीवर फिरत असते, आवाज खणखणीत असतो आणि आईबापांना वाटते, पोर वाचते आहे. तेच मूल पूर्वी न पाहिलेल्या चार ओळींपुढे गप्प होते.

आता सरावाचा हिशेब करू. वर्गात तीस मुले आहेत आणि शिक्षकाने प्रत्येकाचे रोज पाच मिनिटे प्रकट वाचन ऐकायचे ठरवले, तर त्यालाच दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास लागतात. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, निरनिराळी सर्वेक्षणे आहेतच. कितीही तळमळीचा शिक्षक असला, तरी त्याच्याकडे हा वेळ नाही. गावाकडे तो आहे. बारावी होऊन भरतीची तयारी करणारी मुले-मुली आहेत, बचत गटातल्या महिला आहेत, निवृत्त पोस्टमास्तर आणि एसटीतून निवृत्त झालेले वाहक आहेत. असे पाच जण रोज संध्याकाळी प्रत्येकी सहा मुलांना घेऊन अर्धा तास बसले, तर ती तीस मुले रोज वाचतील. लोकसहभागाचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

हा नुसता सद्भाव नाही, त्याला अनुभवाचा आधार आहे. ‘प्रथम’चे काम १९९४ मध्ये मुंबईत सुरू झाले, ते वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून. त्यासाठी इमारती बांधल्या नाहीत. देऊळ, कोणाचे घर, एखादे कार्यालय, जी जागा मिळेल तिथे बालवाडी भरली. पुढे त्याच वस्त्यांतल्या, फार न शिकलेल्या तरुणी ‘बालसखी’ म्हणून पालिकेच्या शाळांत गेल्या आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवू लागल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाचा अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती मोजता येण्याजोगी निघाली. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या संशोधनाचा हा एक पाया होता.

त्याहूनही महत्त्वाचा धडा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातून मिळतो. तिथल्या २८० गावांत याच संशोधकांनी ‘प्रथम’च्या सोबतीने एक प्रयोग केला. गावात शिक्षण समिती होती, पण बहुतेक पालकांना तिचा पत्ता नव्हता. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. म्हणून काही गावांत सभा घेऊन समितीचे हक्क आणि शाळेला येणारा निधी समजावून सांगितला. आणखी काही गावांत गावकऱ्यांनाच मुलांचे वाचन तपासायला शिकवले आणि गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. तिसऱ्या गटात याच्या जोडीला तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग कसा घ्यायचा, याचे थोडे प्रशिक्षण दिले. पहिल्या दोन गटांत काहीच बदलले नाही. सभा झाल्या, माहिती मिळाली, लोक घरी गेले. तिसऱ्या गटात मात्र ६५ पैकी ५५ गावांत स्वयंसेवक विनामोबदला पुढे आले, वर्ग भरले आणि जी मुले तिथे बसली ती वाचनात पुढे सरकली.

जनजागृतीवर विसंबून असलेल्या आपल्या योजनांनी याची दखल घ्यायला हवी. लोकांना हक्क सांगितले की ते आपोआप शाळेला जाब विचारतील, ही अपेक्षा जौनपूरमध्ये फोल ठरली. हातात करण्याजोगे काम दिले, तेव्हा लोक आले. दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. वाचनवर्ग भरले तरी सरकारी शाळेच्या आतल्या कामात फरक पडला नाही, आणि वर्गांपर्यंत पोचलेली मुले गावातल्या एकूण मुलांच्या मानाने थोडीच होती. गावाचे काम शाळेच्या कामाशी जोडले नाही तर ते काठावरच राहते.

महाराष्ट्राला अशी जोडणी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मुष्टिफंडात घरोघरची बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढी आणि त्यावर वसतिगृहातली मुले जेवत. त्या मुठीचे मोल तिच्या वजनात नव्हते. शाळेचे आपण काही लागतो, ही भावना ज्यांच्या घरी अक्षर नव्हते अशा हजारो घरांत तिच्यामुळे गेली. १९३८ नंतर संस्थेने दुर्गम खेड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या, तेव्हा जागेची सोय गावाने केली. पुढे १९५९ मध्ये त्याच सातारा जिल्ह्यातून ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. सबंध गावाने मिळून निरक्षरांना शिकवायचे, आणि गाव साक्षर झाले की समारंभ करायचा. मोहीम राज्यभर पसरली, पण शिकलेले लोक पुन्हा विसरू लागले, कारण समारंभानंतर त्यांच्या हातात वाचायला फारसे काही नव्हते.

वाचायला शिकवणे आणि वाचायला देणे ही दोन कामे एकत्र चालली पाहिजेत, हे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ पर्यंत त्यांनी ते संस्थानभर नेले. त्यापाठोपाठ १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. खेड्यापाड्यांत वाचनालये निघाली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. लोकांनी वर्गणी जमवली की संस्थानही आपला वाटा घाली. लोकसहभाग म्हणजे सरकारने अंग काढून घेणे नव्हे, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी पाळले जात होते.

आज महाराष्ट्रात पुस्तके नाहीत असे नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित ग्रंथालये राज्यात आहेत. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी पाच हजार रुपयांचे अनुदान ठरलेले आहे. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. भिलारमध्ये २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. अडचण मुलाच्या हाताशी येते. शाळेतली पुस्तके कुलूपबंद कपाटात असतात, कारण पुस्तक फाटले किंवा हरवले तर हिशेब शिक्षकाला द्यावा लागेल, ही भीती असते. गावचे वाचनालय शाळेपासून दोनशे पावलांवर असते, तिथे वर्तमानपत्र वाचणारे ज्येष्ठ येतात, पण तिसरीतले पोर त्या पायरीवर चढत नाही. ही कुलपे उघडायला नवीन योजना लागत नाही. वर्षाकाठी इतकी पुस्तके वापरून झिजतील आणि ती नोंदीतून कमी केली जातील, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने केला तर शिक्षकाची भीती निम्मी होईल. ग्रंथपालाने आठवड्यातून एकदा पन्नास पुस्तके शाळेत आणली, तर वाचनालयालाही बालवाचक मिळतील. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, तो चांगलाच आहे. पण मुलाला पुस्तक घरी नेता येणे ही रोजची गोष्ट असली पाहिजे.

संध्याकाळचे वाचनवर्ग सुरू करू पाहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. वर्ग कोठे भरतो, यावर कोण येते ते ठरते. एखाद्या भावकीच्या वाड्यात किंवा एका आळीच्या देवळात वर्ग ठेवला, तर दुसऱ्या आळीची मुले येणार नाहीत, आणि तसे कोणी बोलूनही दाखवणार नाही. शाळेची ओसरी सर्वांची असते, म्हणून ती बरी. अंधार पडल्यावर भरणाऱ्या वर्गातून मुली आधी गळतात, तेव्हा वेळ उजेडाची ठेवावी. चुकणाऱ्या मुलाला हसणारा किंवा हात उगारणारा माणूस कितीही शिकलेला असला तरी या कामाला नको. वाचायला न येणाऱ्या आईलाही यात जागा आहे. मुलाने वाचलेली गोष्ट तिला सांगायची आणि तिने पुढे काय झाले, असे विचारायचे. गोष्ट समजली की नाही, हे कळायला याहून चांगली परीक्षा नाही. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात माता-पालकांचे गट झाले, तेव्हा अल्पशिक्षित आयाही असे काम हौसेने करतात, हे दिसले.

जिथे घरची भाषा कोरकू, भिली, गोंडी, वारली किंवा कातकरी आहे, तिथे पाड्यावरच्याच शिकलेल्या तरुणाचे मोल आणखी वाढते. पुस्तकातली मराठी त्या मुलाला परकी असते, आणि दोन्ही भाषा येणारा माणूस शाळेत अनेकदा एकही नसतो. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, ते याच जाणिवेतून. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. ऊसतोडीच्या पट्ट्यातही गावाच्या भूमिकेला असेच महत्त्व आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कोयता घेऊन निघतात आणि मुले सोबत गेली तर जवळजवळ अर्धे वर्ष बुडते. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठी आहे, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. समिती जागी असेल तिथे मुले आजी-आजोबांजवळ राहतात, शाळेत जेवतात, शिकतात. समिती कागदावर असेल तिथे मूल फडावर जाते.

तेव्हा सगळे धागे शेवटी याच समितीशी येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला मोठी जागा दिली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष. प्रत्यक्षात अनेक गावांत अध्यक्षपदासाठी चुरस होते आणि नंतर इतिवृत्तावर सह्या करण्यापलीकडे सदस्यांना काम उरत नाही. बैठकीत बांधकाम, शौचालय, पोषण आहार यांवर चर्चा होते. वाचनाचा विषय निघत नाही, कारण तो शिक्षकाचा आहे असे सारे धरून चालतात. दर तीन महिन्यांनी गावातल्या प्रत्येक मुलाची वाचनपातळी समितीपुढे यावी, मुलांची नावे चारचौघांत न घेता, शिक्षकाला दोष न देता, कोणाला मदत हवी एवढेच ठरवण्यासाठी. एक पानभर मजकूर आणि अर्धा दिवस एवढेच त्याला लागते.

इथे सरकारला बजावणेही आवश्यक आहे. गाव वेळ देते म्हणून शिक्षकांची रिक्त पदे भरायची नाहीत, हे चालणार नाही. २००० नंतर वस्तीशाळांमध्ये गावातल्याच तरुणांनी अत्यल्प मानधनावर वर्षानुवर्षे शिकवले आणि नियमित शिक्षक होण्यासाठी त्यांना २०१४ पर्यंत झगडावे लागले. स्वयंसेवकांच्या जिवावर शाळा चालवण्याचा तो मार्ग पुन्हा नको. २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना आणली आणि मोठ्या देणगीच्या बदल्यात शाळेला देणगीदाराचे नाव देण्याची मुभा ठेवली. देणगीला आमचा विरोध नाही. पण देणगीदाराची मुदत पाच किंवा दहा वर्षांची असते आणि गाव तिथेच राहणार असते. शाळेवरचा पहिला हक्क गावाचा आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार त्याच वर्षी पुढे आला. अशा शाळांचा निर्णय घेताना सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज ओढा ओलांडून किती चालावे लागेल, हे त्या वस्तीतल्या आयांना विचारले गेले पाहिजे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्काच्या नियमांतच आहे.

शहरांनाही यातून सुटका नाही. आपल्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल ज्या पालिकेच्या शाळेत जाते, ती शाळा आपल्यापैकी बहुतेकांनी आतून पाहिलेली नसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी सोसायटीचा हॉल त्या मुलांच्या वाचनासाठी उघडायला कोणाची परवानगी लागत नाही, सभासदांची संमती लागते.

वाचकांना आमची विनंती मोठी नाही. आपल्या गावच्या किंवा वॉर्डातल्या शाळेत या महिन्यात एकदा जा. मुख्याध्यापकांना विचारून तिसरीतल्या पाच मुलांजवळ बसा आणि त्यांनी पूर्वी न पाहिलेली एक गोष्ट त्यांच्याकडून वाचून घ्या. जे अडखळतील, त्यांच्यासाठी आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास देण्याची तयारी मुख्याध्यापकांना तिथेच कळवा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत वाचन हा पहिला विषय ठेवायला सांगा.